सुसुका, सुंसुमार, सुसर : एका जलचराच्या नावाचा शोध

ज्याच्या तावडीत आपण सापडलो आहोत त्याचीच तोंडदेखली स्तुती करण्याची पाळी आली की मराठी माणसाला ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आठवते. म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ‘सुसर’ हा शब्द कोठून आला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना स्पर्श करीत गोदावरी वाहत जाते. या नदीकाठच्या भाषेत सुसर म्हणजे मगरीच्या जातीचा, खवल्यांचा, चार पायांचा प्राणी. आमचे प्रतिपादन असे की, ज्या शब्दापासून ‘सुसर’ झाली तो शब्द मुळात मगरीचा नव्हता. समुद्रात आणि उत्तरेकडील मोठ्या नद्यांत राहणाऱ्या, पाय नसलेल्या, पिलांना दूध पाजणाऱ्या एका जलचराचे ते नाव होते. या शोधात सर्वांत मोलाची साक्ष देते ते पाली तिपिटक. संस्कृत कोशांवर विसंबून राहिल्यास ती साक्ष हाती लागत नाही.

या शब्दाचे सर्वांत जुने रूप ऋग्वेदात आढळते. तेथे ते ‘शिंशुमार’ असे अनुस्वारासहित आहे. पहिल्या मंडलातील एका सूक्तात अश्विनांच्या रथाला वृषभ आणि शिंशुमार जुंपल्याचा उल्लेख येतो. तैत्तिरीय संहितेतही अनुस्वार कायम असून तेथे हा प्राणी सिंधूशी जोडलेला आहे. वाजसनेयी संहितेच्या चोविसाव्या अध्यायात मात्र ‘शिशुमार’ हे अनुस्वार गळालेले रूप दिसते. हा अध्याय अश्वमेधाचा आहे. कोणत्या देवतेला कोणता प्राणी अर्पण करावयाचा याची लांबलचक यादी तेथे दिली आहे. त्या यादीत समुद्राला शिशुमार आणि वरुणाला ‘नाक्र’ म्हणजे मगर नेमून दिलेली आहे. (या यज्ञातील रानटी प्राणी अग्नीभोवती फिरवून सोडून देत, असे शतपथ ब्राह्मण सांगते, गावातील पशूंच्या वाट्याला मात्र ती सवलत नव्हती.) आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, एकाच यादीत शिशुमार आणि नाक्र स्वतंत्रपणे येतात. यादी करणाऱ्यांना हे दोन निरनिराळे प्राणी ठाऊक होते, आणि त्यांपैकी शिशुमार हा समुद्राचा होता.

अनुस्वार गळाला आणि त्याबरोबर एक नवा अर्थ चिकटला. ‘शिशु’ म्हणजे मूल आणि ‘मार’ म्हणजे मारणारा. तेव्हा शिशुमार म्हणजे मुले मारणारा! ही व्युत्पत्ती इतकी सोपी वाटते की ती कोशांतून आणि टीकांतून आजतागायत चालत आली आहे. पण मूळ शब्द शिंशुमार असेल, तर त्यात ‘शिशु’ कोठून येणार? काही भाषाशास्त्रज्ञांनी हा शब्द मूळचा आर्येतर मानला आहे, आणि ते आम्हांस अधिक संभवनीय वाटते. परक्या भाषेतून आलेला शब्द ज्यांना कळला नाही, त्यांनी तो आपल्या कानाला ओळखीचा वाटेल असा मोडला आणि त्या मोडलेल्या रूपाला अर्थ लावून मोकळे झाले. पालीत मात्र ‘सुंसुमार’ असा अनुस्वार राहिला आहे. ‘सुसुमार’ असाही पाठ मिळतो, पण सानुस्वार रूप ठळक आहे. पाली ही संस्कृतची बिघडलेली बोली होय, असे समजणाऱ्यांनी हे एक उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. येथे पालीने वेदकालीन रूप जपले आणि नंतरच्या संस्कृतने ते गमावले.

नावाला चुकीचा अर्थ लावल्याने काय होते, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावयाचे कारण नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात ‘अन्त्य’ या शब्दाची चिकित्सा केली आहे. सृष्टीच्या उत्पत्तीत जो शेवटी जन्मला तो अन्त्य, असा अर्थ सनातनी पंडित करीत असत. बाबासाहेबांनी तो नाकारला आणि गावाच्या शेवटी, वेशीबाहेर राहणारा तो अन्त्य, असे दाखवून दिले. पहिल्या अर्थाने माणसाचा जन्मच हीन ठरतो. दुसऱ्या अर्थाने फक्त त्याचे घर कोठे होते एवढेच कळते. जोतीराव फुले यांनीही ‘गुलामगिरी’त (१८७३) नावांची उकल हेच हत्यार हाती घेतले होते. समुद्रातून लहान लहान होड्यांत बसून आलेल्यांच्या म्होरक्याला मत्स्य हे नाव कसे पडले असावे, याचे त्यांनी केलेले विवेचन प्रसिद्धच आहे. जोतीरावांच्या सर्व व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरतात, असे आम्ही म्हणणार नाही. पण नाव कोणी ठेवले आणि त्यात कोणाचा लाभ होता, हा प्रश्न मराठीत प्रथम त्यांनी रोखठोकपणे विचारला. असो.

आता पाली पुराव्याकडे वळू. मज्झिमनिकायातील चातुम सुत्तात भगवान बुद्धांनी पाण्यात उतरणाऱ्या माणसाची चार भये सांगितली आहेत. पहिले ऊमिभय म्हणजे लाटांचे, दुसरे कुम्भीलभय म्हणजे मगरीचे, तिसरे आवट्टभय म्हणजे भोवऱ्याचे आणि चौथे सुसुकाभय. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातही हीच चार भये येतात. घर सोडून प्रव्रज्या घेतलेल्या तरुणाला त्यांची उपमा दिली आहे. त्याला आलेला राग व वैताग ही लाट. खाण्यापिण्याची हाव ही मगर. पंच कामगुण हा भोवरा. चौथ्या भयाचा संबंध स्त्रियांशी जोडला आहे. हे वाचून आजचा वाचक थबकेल, आणि थबकावेच. सुत्तातील वर्णन मात्र नीट पाहावे. भिक्खू इंद्रियांचे रक्षण न करता, स्मृती न राखता गावात भिक्षेला जातो आणि अपुऱ्या वस्त्रांतील स्त्री पाहून त्याचे चित्त राग व्यापून टाकतो. बिघाड होतो तो त्याच्या चित्तात. पाण्यातील जनावराचे नाव स्त्रीला देणे ही शब्दांची योजना झाली. सुत्ताचे निदान भिक्खूच्या असावधपणाकडेच बोट दाखविते.

हे सुसुका म्हणजे काय? पाली टेक्स्ट सोसायटीच्या कोशात त्याचा अर्थ मगरीच्या जातीचा प्राणी असा दिला आहे. मज्झिमनिकायाच्या अलीकडील प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तो शार्क मासा झाला आहे. पहिला अर्थ मान्य करण्यासारखा नाही. कारण त्याच चार भयांत मगरीसाठी कुम्भील हा शब्द आधीच आलेला आहे. चारांतील दोन भये एकाच प्राण्याची कशी असतील? दुसऱ्या अर्थाच्या पाठीशी अट्ठकथा आहे, कारण तेथे सुसुका म्हणजे ‘चण्डमच्छ’, क्रूर मासा, असे म्हटले आहे. गंगेत शार्कची एक जात खरोखरच आहे, हेही आम्ही दृष्टिआड करीत नाही. तथापि, अट्ठकथा पाचव्या शतकात सिंहलद्वीपात, तेथील जुन्या परंपरेच्या आधाराने रचली गेली. गंगेतील प्राणी तेथील आचार्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्यांनी संदर्भावरून अर्थ बांधला, असे आम्हांस वाटते.

निर्णायक पुरावा विनयपिटकात आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आजारी भिक्खूंना औषध म्हणून पाच प्रकारच्या चरबीची अनुज्ञा दिली आहे : अस्वलाची, माशाची, सुसुकेची, डुकराची आणि गाढवाची. ती योग्य वेळी स्वीकारावी, योग्य वेळी कढवावी आणि तेलाप्रमाणे वापरावी, असा नियम आहे. या यादीत ‘मच्छवसा’ आणि ‘सुसुकावसा’ वेगळ्या आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. सुसुका ही केवळ एखादी माशाची जात असती, तर तिचा वेगळा उल्लेख करण्याचे प्रयोजन राहिले नसते. दुसरे असे की, ज्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो आणि ती कढवून भरपूर तेल निघते असा गंगेतील जलचर कोणता? बिहारमधील कोळ्यांना याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गंगेच्या सूंसचे तेल सांधेदुखीवर चोळण्याची आणि मासे आकर्षून घेण्यासाठी आमिष म्हणून वापरण्याची चाल तेथे होती; आता कायद्याने या प्राण्याची हत्या हा गुन्हा आहे. हिंदीत या प्राण्याला सूंस म्हणतात, आणि बंगालीत त्याचे नाव आजही ‘शुशुक’ आहे. पाली सुसुका आणि बंगाली शुशुक यांच्यात अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. उच्चारात जवळजवळ काहीच अंतर नाही.

सूंस म्हणजे गंगेतील डॉल्फिन. हा मासा नव्हे, फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. गढूळ पाण्यात राहून त्याची दृष्टी जवळजवळ नाहीशी झालेली असून तो ध्वनीच्या प्रतिसादावर भक्ष्य शोधतो. मिनिटा-दोन मिनिटांनी तो श्वासासाठी वर येतो, फुसकारा टाकतो आणि क्षणात बुडी मारतो. त्या फुसकाऱ्यावरूनच त्याला सुसु, सूंस हे नाव पडले, असे नदीकाठचे लोक सांगतात. हा प्राणी माणसावर हल्ला करीत नाही. मग त्याचे भय का सांगितले असावे? आमचे मत असे : पोहणाऱ्याच्या शेजारी, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, एकाएकी लांब दातेरी तोंड वर यावे, फुसकारा ऐकू यावा आणि पुन्हा सर्व शांत व्हावे, हा अनुभव भीतिदायक आहे, मग प्राणी गरीब असला तरी. चौथ्या भयाच्या उपमेलाही हेच जुळते. तेथे अपाय बाहेरून होत नाही, दचकते ते पाहणाऱ्याचे चित्त.

युरोपला हा प्राणी प्राचीन काळी ऐकून माहीत होता. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात गंगेतील ‘प्लातानिस्ता’चा उल्लेख केला. १८०१ साली विल्यम रॉक्सबर्ग यांनी कलकत्त्याहून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि प्लिनीचा शब्द पुढे त्याच्या शास्त्रीय नावात कायम झाला. सिंधू नदीतील जात वेगळी असल्याचे २०२१ साली मान्य झाले. भारतात सूंसचे एकमेव अभयारण्य बिहारमध्ये, भागलपूर जिल्ह्यात सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या पट्ट्यात १९९१ साली घोषित झाले. त्याचे नाव विक्रमशिला. ज्या महाविहारावरून हे नाव दिले त्याचे अवशेष कहलगावजवळच आहेत, आणि अंग देशाची राजधानी चंपा, जेथे गग्गरा पुष्करिणीच्या काठी तथागतांनी वास केला, तीही याच परिसरात. सुसुका हा शब्द ज्या पाण्यावर रूढ झाला असेल ते पाणी हेच.

या संदर्भात सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर त्याने काही प्राणी अवध्य ठरविले आणि त्यांची यादी दगडावर कोरविली. त्या यादीत ‘गंगापुपुटक’ असे एक नाव आहे. काही अभ्यासकांनी ते गंगेतील डॉल्फिनचे मानले आहे. सर्वांचे यावर एकमत नाही. परंतु नावातील गंगा आणि यादीत त्याच्या आजूबाजूला आलेले मासे व कासवे पाहता हे मत ग्राह्य धरण्यास आम्हांस अडचण वाटत नाही. वाजसनेयी संहितेची यादी देवतांना प्राणी वाटून देण्यासाठी केली होती. अशोकाची यादी प्राण्यांना जीवदान देण्यासाठी केली. याद्या दोन्ही जलचरांच्या आणि वनचरांच्याच आहेत.

सुसुका हा लोकांचा शब्द होता, तर सुंसुमार हा ग्रंथांतून चालत आलेला. या दुसऱ्या शब्दाचे पालीत काय झाले? भग्ग जनपदाच्या मुख्य नगराचे नाव सुंसुमारगिर. तेथील भेसकळावनात तथागतांनी आठवा वर्षावास केला, अशी परंपरा आहे. नकुलपिता आणि नकुलमाता हे आदर्श उपासक दांपत्य तेथलेच. बोधिराजकुमाराने आपल्या कोकनद प्रासादात भगवंतांना भोजनास बोलाविले तेही तेथेच. अनेक भाषांतरकार या नगराला सुंसुमारगिरी, म्हणजे मगरीचा डोंगर, असे म्हणून टाकतात. अट्ठकथा मात्र वेगळेच सांगते. नगर वसविताना जवळच्या डोहात सुंसुमाराने आवाज केला, ‘गिरा’ काढली, म्हणून नगराचे नाव सुंसुमारगिर पडले. गिरा म्हणजे वाणी. डोंगराचा येथे संबंध नाही. आवाजावरून नाव पडण्याइतका ज्याचा आवाज लोकांच्या ध्यानात राहिला तो प्राणी फुसकारा टाकणारा सूंस असेल काय? मगरही आवाज काढते, म्हणून यावर आम्ही अधिक भार देत नाही.

जातककथांपर्यंत येता येता मात्र शब्दाचा अर्थ पालटलेला स्पष्ट दिसतो. २०८ क्रमांकाच्या सुंसुमार जातकात गंगेतील सुंसुमाराच्या मादीला वानराचे काळीज खाण्याचे डोहाळे लागतात. नर वानराला फळांचे आमिष दाखवून पाठीवर घेतो आणि भर प्रवाहात बुडवू लागतो. बोधिसत्त्व असलेला वानर सांगतो की, आमची काळजे आम्ही झाडावर टांगून ठेवतो. आणि काठावरचे उंबराचे झाड दाखवून तो सुखरूप सुटतो. हिच्याशी नाते असलेली कथा ५७ क्रमांकाच्या वानरिन्द जातकात येते, आणि तेथे प्राण्याचे नाव कुम्भील आहे. जातकाच्या निवेदकांना दोन्ही नावे एकाच प्राण्याची वाटू लागली होती. हा गोंधळ केवळ बौद्धांचा नव्हता. सुश्रुतसंहितेत शिशुमाराला कासव, मगर, खेकडा यांच्यासह पायांच्या जलचरांत बसविले आहे. उलट, ज्याला परंपरा बौद्ध मानते त्या अमरसिंहाच्या कोशात शिशुमार एका गटात आणि नक्र व कुम्भीर वेगळ्या ठिकाणी येतात. जैन आगमही जलचरांचे मासा, कासव, गाह, मगर आणि सुंसुमार असे पाच भेद करताना सुंसुमाराला मगरीपासून वेगळे ठेवतात.

असा पालट का व्हावा? सूंस आणि घडियाल यांची तोंडे पाहणाऱ्याला याचे उत्तर मिळते. दोघांचेही तोंड लांब, अरुंद आणि दातांनी भरलेले असते. पाण्याबाहेर तेवढेच क्षणभर दिसले तर कोणाचे कोणते हे सांगणे कठीण. दुसरे कारण याहून मोठे आहे. शब्द जेथे जाईल तेथे प्राणी जात नाही. सूंसची वस्ती गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांत. पश्चिमेस सिंधूच्या पाण्यात. विंध्य ओलांडून आलेल्यांच्या भाषेत सुंसुमार हा शब्द होता, पण गोदावरीत सूंस नव्हता. तिच्या खोऱ्यात होती ती मगर; आजही मांजरा नदीवरील तेलंगणातील अभयारण्य मगरींसाठी प्रसिद्ध आहे. नाव रिकामे राहत नाही. ते मगरीला मिळाले.

विंध्याच्या या वाटेचे वर्णन सुत्तनिपातात आहे. पारायणवग्गाच्या वत्थुगाथांनुसार बावरी हा ब्राह्मण अस्सक आणि अळक यांच्या प्रदेशात, गोदावरीच्या काठी राहत होता. त्याचे सोळा शिष्य पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसम्बी असे करीत बुद्धदर्शनाला गेले. पतिट्ठान म्हणजे पैठण. अस्सकांचे पोतन नगर पुष्कळ विद्वान तेलंगणातील बोधन येथे मानतात. पैठण आणि बोधन यांच्या मधला गोदाकाठ म्हणजे आजचे परभणी आणि नांदेड. वाटेवरचे कोसम्बी हे भग्गांच्या सुंसुमारगिराचे शेजारी. ज्या मार्गाने शिष्य उत्तरेस गेले त्याच मार्गाने व्यापारी, भिक्खू आणि त्यांचे शब्द दक्षिणेस येत होते. येथील लोक गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात, गंगाखेडच्या नावातील गंगा तीच, आणि नदीकाठच्या पट्ट्याला गंगाथडी म्हणण्याची रीत त्यातूनच आली. उत्तरेतील नदीचे नाव येथील नदीला मिळाले, आणि त्या नदीतील जलचराचे नाव येथील जलचराला.

ध्वनीच्या दृष्टीने सुंसुमारपासून सुसरपर्यंतचा प्रवास सरळ आहे. स्वरांमधील ‘म’ मराठीत ‘व’ होतो : ग्रामचा गाव, नामचे नाव, कुमारचा कुंवर. त्याप्रमाणे सुंसुमारचे सुंसुवार, आणि मधले अक्षर झिजून सुसर. राल्फ टर्नर यांच्या तौलनिक कोशात (१९६६) शिंशुमारपासून निघालेली सिंधी, हिंदी, मराठी इत्यादी भाषांतील रूपे एकत्र पाहावयास मिळतात. ज्या भाषांतून हा शब्द आपल्यापर्यंत आला त्या पाली, प्राकृत आणि मराठी या तिन्हींना केंद्र शासनाने एकाच दिवशी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, अभिजात भाषेचा दर्जा दिला. योगायोगच म्हणावयाचा, पण आमच्यासारख्या पालीच्या अभ्यासकाला तो सुखावणारा आहे. मराठीत येताना शब्दाचे लिंगही बदलले. पुल्लिंगी सुंसुमार स्त्रीलिंगी सुसर झाला, आणि म्हणीत तर थेट ‘सुसरबाई’.

जातकातील वानर पाठीवर बसला होता, आणि आपली म्हणही पाठीविषयीच बोलते. म्हण जातकातून आली, असे म्हणण्यास पुरावा नाही. एक भेद मात्र आम्हांस जाणवतो. म्हणीतील माणूस पाठ मऊ आहे म्हणत पाठीवर बसूनच राहतो. जातकातील बोधिसत्त्व स्तुती करीत नाही. तो युक्तीने काठ गाठतो आणि मग सुंसुमाराला त्याचे शरीर मोठे असले तरी बुद्धी तेवढी नाही असे तोंडावर सांगतो.

आता मूळ धन्याकडे येऊ. २००९ साली गंगेतील डॉल्फिन भारताचा राष्ट्रीय जलचर घोषित झाला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत देशातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन मोजले गेले. त्यांपैकी सिंधूच्या जातीचे, पंजाबातील बियास नदीत राहिलेले, अवघे तीन. मराठीत आपण त्याला गंगा डॉल्फिन म्हणतो, कारण त्याचे स्वतःचे नाव आपण केव्हाच मगरीला देऊन बसलो आहोत. ‘डॉल्फिन’ हा शब्द ग्रीक ‘देल्फिस’पासून आला, आणि त्याचा संबंध ‘देल्फुस’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे. पिलू पोटात वाढविणारा हा जलचर ग्रीकांनी पाहिला होता. त्याच जातीच्या प्राण्याला येथील पंडितांनी मुले मारणारा म्हटले, आणि गंगेवरील कोळ्यांनी त्याचा श्वास ऐकून सुसु म्हटले.